बोल्ट जागच्या जागी, गिअर सरकलेला

कॅम कव्हर उघडल्यावर सगळ्यात आधी मी खुणा पाहिल्या. एक्झॉस्ट कॅमच्या, म्हणजे जळका वायू सोडणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांडीच्या, गिअरला तीन बोल्ट होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावरून खाली गिअरपर्यंत मीच ओढलेली पिवळी रेघ होती. तिन्ही रेघा सलग. खात्रीसाठी टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला ‘कट्’ वाजणारा पाना) १० न्यूटन-मीटरवर लावून तिन्ही बोल्ट तपासले. तीनदा ‘कट्’ वाजलं, एकही बोल्ट केसभर हलला नाही. टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, शाबूत आहे, दुखणं दुसरीकडे आहे, असं ठरवून मी कव्हर परत बसवलं आणि पुढचे दोन दिवस इंजेक्टर, कॉइल, इंधनाचा दाब आणि वायरिंग यांच्यामागे घालवले.

इंजिन चार सिलिंडरचं, सोळा व्हॉल्व्हचं, दोन ओव्हरहेड कॅमचं. कॅम फिरवायला चेन नाही, पट्टा नाही. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन जिला फिरवतात त्या दांडीच्या, गिअरवरून आयडलर (मधला गिअर) आणि तिथून थेट कॅमचे गिअर. शर्यतीसाठी बांधलेलं, नवे कॅम आणि कडक स्प्रिंगा घातलेलं. डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, पहिल्या दिवशी सुरेख चाललं. दुसऱ्या दिवशी आयडलिंग अडखळू लागलं, मधल्या फेऱ्यांमधली ताकद बसली आणि मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांच्या जवळ एक बारीक टिकटिक येऊ लागली. टॅपेटचा आवाज आणि हा आवाज यांत फरक होता, पण तो शब्दांत पकडता येत नव्हता. कान मात्र सांगत होता की इंजिन बंद कर.

वायरिंगमध्ये काही निघालं नाही तेव्हा लीक-डाउन टेस्ट केली. सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि ती किती आणि कुठून निसटते ते पाहायचं. तीन सिलिंडर ठीक होते. तिसऱ्या नंबरची हवा एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुसत होती. मग स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. पिस्टनच्या डोक्यावर काजळी जमलेली, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी कोरलेल्या खोबणीच्या कडेला नखाच्या चंद्रकोरीएवढी एक चकचकीत खूण. चारही पिस्टनवर तशीच. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकून गेला होता. ठोकला गेला नव्हता, नुसता चाटून गेला होता. पण तिसऱ्या सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हची बैठक बिघडायला तेवढं पुरलं.

हे होऊ नये म्हणून बांधताना मी प्लॅस्टिसिन (खेळायची मऊ माती) लावून व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं अंतर मोजलं होतं. एक्झॉस्टला १.८ मिलिमीटर निघालं होतं. सढळ नव्हे, पण चालण्यासारखं. तेवढं अंतर खाल्लं कुणी?

आता डिग्री व्हील लावण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. खरं तर हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पण डिग्री व्हील लावायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि पिवळी रेघ तर डोळ्यांसमोर सलग दिसत होती. क्रँकवर ३६० अंशांची चकती, दर्शक म्हणून वाकवलेली तार, पिस्टनवर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं घड्याळ. पिस्टन अगदी वर असताना क्रँक दोन-तीन अंश फिरली तरी पिस्टन हलल्याचं कळत नाही. म्हणून खरा वरचा बिंदू काढताना पिस्टन वर यायच्या आधी आणि वरून उतरताना, गेजवर एकच आकडा येईल तिथे चकती वाचायची आणि दोन्ही वाचनांचा मध्य धरायचा. कॅमच्या बाबतीतही तेच: लोबचं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या कॅमवरच्या उंचवट्याचं, टोक थेट सापडत नाही, दोन्ही उतारांवर समान उचल मोजून मधला अंश काढायचा. एक्झॉस्ट लोबचा मध्य मी वरच्या बिंदूच्या १०८ अंश आधी बसवला होता. आता तो १०१ अंशांवर सापडला. तीनदा मोजलं, तीनदा तेच.

क्रँकचे सात अंश म्हणजे कॅमचे साडेतीन. कॅम मागे पडला होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उशिरा बंद होत होता आणि वर येणारा पिस्टन त्याला गाठत होता. जवळपास अर्धं अंतर एवढ्यानेच गेलं. उरलेलं वरच्या फेऱ्यांना ताणणारा कनेक्टिंग रॉड आणि कॅमची पाठ थोडी सोडणारा व्हॉल्व्ह यांनी खाल्लं.

मग तीन बोल्ट सोडले आणि गिअर हबवरून, म्हणजे कॅमच्या टोकावरच्या त्याच्या बैठकीवरून, उचलला.

दोन्हींच्या मध्ये तांबूस चिखल होता. गेरू तेलात कालवल्यासारखा. पोलादाचे दोन चपटे पृष्ठभाग एकमेकांवर अगदी सूक्ष्म घासत राहिले की ही पूड तयार होते; लोखंडाचा गंजच तो, पाण्याने नव्हे तर घासण्याने आलेला. हबच्या तोंडावर बोल्टांच्या भोवती काळपट-तांबडी वलयं उठली होती. आणि गिअरच्या लांबट खाचांमध्ये बोल्टाने एका बाजूला सव्वा मिलिमीटरची ताजी, चमकती घासण सोडली होती. बोल्टांचं वर्तुळ २० मिलिमीटर त्रिज्येचं आहे. तिथे साडेतीन अंश म्हणजे बरोबर १.२ मिलिमीटर. हिशेब जुळला.

मी रेघ ओढली होती बोल्ट आणि गिअर यांच्यामध्ये. सरकले होते गिअर आणि हब. गिअर हबवर केसाकेसाने मागेपुढे होताना बोल्टाचं डोकं गिअरवर सावकाश घसरत गेलं असणार, पण ते घसरलं खाचेच्या लांबीत. माझी रेघही त्याच दिशेने ओढलेली होती, म्हणून बोल्ट रेघेच्याच ओळीत सरकला आणि ती सलगच दिसत राहिली. बोल्ट फिरला नव्हता एवढंच ती रेघ सांगत होती. तिने खोटं सांगितलं नाही. मी तिला चुकीचा प्रश्न विचारला होता.

अशा खाचा मुळात ठेवायच्याच कशाला, असं विचारणारे भेटतात. कंपनीच्या गिअरला एक ठरलेलं भोक आणि एक डॉवेल पिन असते, विषय संपला. पण या कॅमच्या गिअरला ४४ दात आहेत. एक दात पुढे-मागे केला तर कॅम ८ अंशांहून थोडा जास्त आणि क्रँकच्या हिशेबात १६ अंशांहून जास्त हलतो. शर्यतीच्या इंजिनात आपण दोन-दोन अंशांसाठी भांडत असतो. हेड घासून पातळ केलं, गॅस्केट बदललं, गिअरचं केंद्र जरा हललं, कॅम घासणाऱ्याने आपल्या मनाने अर्धा अंश इकडेतिकडे केला, की हे सगळं मिळून पिनचं ठरलेलं भोक निरुपयोगी होतं. म्हणून गिअर सुटा, हब सुटा, मध्ये लांबट खाचा. हब कॅमच्या टोकावर पिन आणि मधल्या एम-१० (१० मिलिमीटर जाडीच्या) बोल्टने पक्का बसतो; तो सांधा मला कधीच त्रास देत नाही. बदल हवा तो गिअर आणि हब यांच्यात. याला दुसरेही उपाय आहेत. भोक किंचित बाजूला असलेली बुश घालतात, बाजूला सरकवलेली चावी वापरतात, किंवा एका चकतीवर १५ आणि दुसरीवर १६ भोकं पाडून जुळेल त्या जोडीत पिन घालतात. या शेवटच्या पद्धतीत कॅम दीड अंशाच्या पायरीने हलतो आणि पिन नेहमी राहते, म्हणून मला ती मनापासून आवडते. पण माझ्याकडे खाचांचा गिअर होता आणि तोच नीट बसवायचा होता.

गिअर आणि हब घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी आयुष्यभर शर्यतीची इंजिनं बांधली. आता स्वतः कमी बांधतात आणि दुसऱ्यांची जास्त उघडतात. त्यांनी बोटाने तो चिखल पुसला, अंगठ्यावर चोळला आणि विचारलं, “थ्रेडलॉकर लावलं होतंस?”

“हो काका. चोवीस तास वाळूही दिलं होतं.”

“मग टॉर्क रेंच कट् वाजणारच. आटे चिकटलेत ना. बोल्ट आतून सैल पडला तरी तो चिकटा त्याला फिरू देत नाही. तू ताण मोजत नव्हतास, गोंद मोजत होतास.”

हे मला ऐकायला कठीण गेलं, कारण थ्रेडलॉकर म्हणजे विम्याची पावती असं मी धरून चाललो होतो. तो द्रव हवा तुटल्यावर आणि धातूशी संपर्क आल्यावर घट्ट होतो, आट्यांमधली पोकळी भरतो आणि बोल्टला मागे फिरू देत नाही. त्याचं काम तेवढंच. ताणलेला बोल्ट दोन पृष्ठभागांना एकमेकांवर दाबून धरतो, त्या दाबाने घर्षण मिळतं, आणि गिअर हबला फिरवतो तो त्या घर्षणाच्या जोरावर. बोल्टाची दांडी खाचेत सैल असते, ती काहीच ओढत नाही. दाब गेला की गोंदाने बोल्ट जागेवर धरला काय नि न धरला काय.

काकांनी कागद पुढे ओढला. “काढ.”

एम-६ बोल्ट १० न्यूटन-मीटरला आवळला तर त्यात साधारण ८,३०० न्यूटनचा ताण येतो. तीन बोल्ट मिळून २५,००० म्हणू. तेलकट पोलादाचा घर्षणांक ०.१ धरला, त्रिज्या २० मिलिमीटर, म्हणजे सांधा घसरायला ५० न्यूटन-मीटर लागतील. माझ्या स्प्रिंगांच्या आणि लोबच्या आकड्यांवरून कॅमला लागणारा टॉर्क २५ च्या घरात येत होता. दुप्पट अंतर. मी जरा ताठ बसलो.

“आता बोल्ट ताणला किती गेला ते काढ,” काका म्हणाले.

हे मी कधी काढलंच नव्हतं. वॉशर धरून दाबला जाणारा भाग जेमतेम १० मिलिमीटर. एम-६ बोल्टाचा ताण घेणारा छेद २०.१ चौरस मिलिमीटर. एवढ्या ताणाखाली एवढासा बोल्ट लांबतो फक्त ०.०२ मिलिमीटर. वीस मायक्रॉन! सगळी पकड त्या वीस मायक्रॉनवर उभी होती. माझे वॉशर पत्र्याचे, मऊ, पातळ, खाचेवर टेकलेले. उलटून पाहिले तर मधे बशीसारखे खोलगट झालेले. खरबरीत कडा, हबच्या आट्यांच्या तोंडाशी उठलेला बारीकसा ओठ, पृष्ठभागांमधलं तेल, असं सगळं मिळून दहा मायक्रॉन बसलं तरी निम्मा ताण गेला. पन्नासाचे पंचवीस झाले. म्हणजे हाताशी काहीच उरलं नाही.

आणि पंचवीस हा आकडाही सरळ नाही. व्हॉल्व्ह उघडताना लोब स्प्रिंगला दाबतो, कॅम मागे रेटला जातो. व्हॉल्व्ह बंद होताना तीच स्प्रिंग लोबच्या दुसऱ्या उतारावरून कॅमला पुढे ढकलते. चार सिलिंडरच्या इंजिनात कॅमच्या एका फेरीत हे मागे-पुढे चारदा होतं. त्यावर क्रँकची स्वतःची पीळ-थरथर. चेन किंवा पट्टा असेल तर तो थोडं झेलतो. गिअरच्या रांगेत झेलणारं कुणी नाही, एक दात दुसऱ्याला तसाच निरोप देतो. कॉसवर्थचं डीएफव्ही हे फॉर्म्युला वनचं इंजिन १९६७ साली नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला पहिल्यांदा धावलं आणि जिम क्लार्कने त्यावर तीच शर्यत जिंकून दाखवली, हे सगळे सांगतात. त्याच दिवशी तसंच इंजिन घेऊन आघाडीवर असलेला ग्रॅहम हिल टायमिंग गिअरच्या दातांपायी थांबला, हे कमी जण सांगतात. त्या गिअरांचं दुखणं पुढेही टिकलं. शेवटी ते इंजिन रचणाऱ्या कीथ डकवर्थने गिअरच्या हबमध्येच पिळता येणाऱ्या बारीक दांड्या घालून त्याला स्प्रिंगसारखं लवतं केलं. माझ्या सांध्याला अशी लव नव्हती. तिथे धक्का आला की तो थेट त्या पुसट घर्षणावर यायचा.

सरासरी ओढ नेहमी एकाच दिशेची असते, गिअर ओढतो आणि कॅम अडतो. म्हणून सांधा दोन्हीकडे थरथरला तरी सरकतो मात्र मागे. माझा कॅम मागे पडला होता, पुढे गेला नव्हता, त्याचं कारण हे.

“स्प्रिंग वॉशर घातले असते तर?” मी विचारलं. काका हसले. चिरलेला स्प्रिंग वॉशर पूर्ण आवळल्यावर सपाट होऊन साधा वॉशरच बनतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवलं की बोल्ट सैल होतो तो मुख्यतः आडव्या थरथरीमुळे, सांधा बाजूला घसरला की. त्या कसोटीवर स्प्रिंग वॉशरची कामगिरी अगदीच केविलवाणी ठरते. तरी अजून प्रत्येक डब्यात ते सापडतात. माझ्याही. लॉकवायरचंही थोडं तसंच. डोक्याला भोक पाडून ०.८ मिलिमीटरची तार पिळून बांधली की बोल्ट गळून इंजिनात पडत नाही, आणि त्यासाठी ती उत्तम. ताण गेला असेल तर तो तार परत आणत नाही.

तर, पुन्हा बांधणी.

हेड काढलं, तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बदलला, बैठक घासली. ते काम नेहमीचं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

गिअरच्या बाबतीत पहिलं ठरवलं: बोल्ट लांब करायचा. हबच्या आट्यांचे वरचे तीन मिलिमीटर मोठ्या ड्रिलने उडवले, म्हणजे आटे खोलवरून सुरू होतील आणि तोंडाशी ओठ उठणार नाही. तीन सुट्या वॉशरऐवजी तिन्ही बोल्टांना मिळून एकच पाच मिलिमीटर जाडीची कडक पोलादी रिंग केली. ती लेथवर काढून, कडक करून, दोन्ही बाजूंनी ग्राइंड करून घेतली. खाच कितीही लांब असो, रिंग तिच्यावर पूल टाकते आणि बशी होत नाही. आता दाबला जाणारा भाग १६ मिलिमीटर. बोल्ट १२.९ दर्जाचे, काळे, मुलामा नसलेले. इतक्या कडक पोलादावर झिंकचा मुलामा चढवताना हायड्रोजन आत शिरतो आणि बोल्ट पुढे कधीतरी ठिसूळपणाने आपोआप तुटू शकतो. चकचकीत बोल्टांचा मोह इथे नको. टॉर्क १६ न्यूटन-मीटर. ताण एका बोल्टाला १३,००० च्या वर, आणि लांबण ०.०५ मिलिमीटर. आता दहा मायक्रॉन बसले तरी पाचवा हिस्सा जाईल, निम्मा नाही.

दुसरं, तोंडं. सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) निळा, म्हणजे खुणेचा रंग, लावून हब टेकवला तेव्हा कळलं की तो मधे उंच आहे; निळा फक्त आतल्या कडेला उमटला. म्हणजे माझी २० मिलिमीटरची त्रिज्या सुद्धा कागदावरचीच होती, प्रत्यक्ष घर्षण त्याहून आत होत होतं. पाण्याच्या पॉलिश पेपरवर, प्लेटवर ठेवून, आठच्या आकड्यात फिरवत दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी निळा बाहेरच्या कडेलाही सारखा उमटला. आरसा करायचा नाही, बारीक खरखर राहू द्यायची. पूर्वी असेंब्ली ल्यूबने माखलेले हात मी याच तोंडांना पुसले असणार. या वेळी लोब, बेअरिंग, टॅपेट यांना ल्यूब. मग हात धुतले. मग गिअर आणि हब अॅसिटोनने पुसून, पांढरं कापड पांढरं राहीपर्यंत. आणि तोंडांना बोट लावायचं नाही. कोरड्या पोलादाचा घर्षणांक ०.१५ धरला तर सांधा आता १२० न्यूटन-मीटरला घसरेल. पंचवीसच्या गरजेला एकशे वीस. काकांनी कागद पाहिला आणि काही बोलले नाहीत. त्यांच्यापुरती ती शाबासकी.

खुणाही बदलल्या. गिअरच्या खिडकीतून हबची कड दिसते. तिथे गिअर आणि हब दोन्हींवरून जाणारी एकच रेघ सुईने कोरली. रंग नाही, रंगाची रेघ जाड, आणि तेलात उडते.

डायनोवर थ्रेडलॉकर लावलं नाही. तिथे टायमिंग हलवायचंच होतं. आट्यांना आणि बोल्टाच्या डोक्याखाली तेलाचा थेंब, रेंचने तीन टप्प्यांत १६, आणि प्रत्येक धावेनंतर कव्हर उघडून रेघ पाहायची. १०६, १०८, ११० असे तीन ठिकाणी एक्झॉस्ट तपासला. १०६ ला खालचा भाग खडबडीत, वर काही मिळत नाही. ११० आणि १०८ मध्ये फरक वळणातून बाहेर पडताना लागणाऱ्या फेऱ्यांमध्ये होता. मी १०८ वरच थांबलो. प्रत्येक बदलाला प्लॅस्टिसिन नाही, पण डायल गेजने व्हॉल्व्ह खाली दाबून पिस्टनपर्यंतचं अंतर मोजलं. वरच्या बिंदूच्या आधी दहा अंशांच्या आसपास एक्झॉस्ट सगळ्यात जवळ येतो, म्हणून पाचपासून पंधरापर्यंत दर अंशाला.

मग पिन.

टायमिंग एकदा ठरलं की खाचेचं काम संपतं. तिथे पिन घालून सांधा कायमचा करणं हे जुनं शहाणपण आहे आणि मी पहिल्या वेळी आळसापायी ते टाळलं होतं. तीन बोल्टांना हात न लावता मधला एम-१० सोडला आणि गिअर, हब, रिंग असा सगळा गठ्ठा एकत्र कॅमवरून काढला. भोक हबच्या मागच्या बाजूने पाडायचं: हबमधून आरपार, गिअरमधून आरपार आणि रिंगशी थांबायचं. पिन पुढून रिंगने अडते, मागून कॅमच्या खांद्याने. कुठे पळून जायला जागा नाही.

सरळ खऱ्या गिअरवर न जाता आधी जुन्या भंगार गिअरवर प्रयोग केला, हे माझं नशीब. हब मऊ, त्यात ड्रिल लोण्यासारखं गेलं. गिअर मात्र सगळीकडून केस-हार्डन केलेला, म्हणजे वरचं कातडं कडक. हाय-स्पीडचं ड्रिल त्या कातड्याला टेकलं, किंचाळलं, बाजूला सरकलं आणि भोक वाकडं झालं. कोबाल्टचं तिथेच तुटलं आणि तुकडा आत अडकला. शेवटी मिलिंग मशिनवर सॉलिड कार्बाइड, ५.८ मिलिमीटर, छोटा घास, भरपूर शीतक. मग ६ एच-७ चा कार्बाइड रीमर, म्हणजे भोक अचूक मापाचं करणारं हत्यार. पिन एम-६ मापाच्या सहनशीलतेची, म्हणजे सहापेक्षा चार ते बारा मायक्रॉन जाड, हलक्या हातोडीने बसणारी. (हा ‘एम-६’ म्हणजे बोल्टाचा एम-६ नव्हे, दुकानात यावरून माझा पाव तास गेला.) पिनच्या पोटात बारीक आटे असलेली घेतली, म्हणजे उद्या काढायची झाली तर बोल्ट लावून खेचता येते. भोकाचं दुसरं टोक बंद आहे, तेव्हा अडकलेली हवा निसटायला पिनच्या अंगावर एक चपटी पट्टी हवी. टायमिंग पुढे बदललंच तर बोल्टांच्या मधल्या तीन जागांपैकी दोन अजून शिल्लक आहेत.

पिन आली म्हणून बोल्टांना सुट्टी नाही, हे काकांनी मला तीनदा ऐकवलं. पिन सहसा कापली जात नाही. पकड गेली की ती भोकात मागेपुढे ठोकत राहते, भोक लंबगोल होतं, आणि मग टायमिंग सरकत नाही पण थरथरतं. ते शोधायला आणखी कठीण.

पिन बसल्यावर एकेक बोल्ट काढून, आटे अॅसिटोनने धुऊन, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर लावून परत १६ ला. आंधळ्या भोकात थ्रेडलॉकर तळाशी टाकायचं, नाहीतर बोल्टाबरोबर दाबली गेलेली हवा ते वर ढकलून देते. चोवीस तास थांबलो. आणि एक सवय मोडली: वाळल्यानंतर ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून टॉर्क रेंच लावायची नाही. बोल्ट जरासा हलला तरी तो चिकटा तुटतो आणि कळतही नाही. तपासायचं ते रेघेवर आणि डिग्री व्हीलवर.

इंजिन धावलं. टिकटिक गेली, आयडलिंग जागेवर आलं. दोन पूर्ण दिवसांच्या सरावानंतर डिग्री व्हील लावलं. एक्झॉस्ट १०८. रेघ सुईच्या टोकाइतकीही तुटलेली नाही. मी समाधानाने वही काकांपुढे ठेवली.

त्यांनी एक्झॉस्टचा रकाना वाचलाच नाही. इनलेटच्या, म्हणजे आत हवा घेणाऱ्या कॅमच्या, रकान्यावर बोट ठेवलं. पहिल्या बांधणीला वरच्या बिंदूनंतर १०६. एक्झॉस्टच्या गडबडीत मोजला तेव्हा १०६.५. आता १०७.

“हे काय?”

“अर्धा-एक अंश तर मोजण्यात इकडेतिकडे होतोच ना, काका.”

इनलेटला मी हात लावला नव्हता. तो जागेवर सापडला होता, मग कशाला उघडायचा, असा विचार केला होता. तिथे अजून तेच तीन पातळ वॉशर, तेच १० न्यूटन-मीटर, आणि बोल्टांच्या डोक्यावर तीच सलग पिवळी रेघ होती.

“इकडेतिकडे होतो, तर दोन्ही वेळा इकडेच कसा झाला? तिकडे एकदाही कसा नाही?” काकांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनलेटचे बोल्ट सोडले. गिअर हबवरून उचलताना आधी काहीच दिसलं नाही. मग दिव्याखाली तिरका धरला, आणि पहिल्या बोल्टाच्या भोवती केसाएवढं तांबूस वलय दिसलं. मी अॅसिटोनची बाटली उघडली आणि प्लेटवर नवा पॉलिश पेपर चिकटवला.